पहिलं वाक्य कुणाला सांगायचं?

कथा कुठनं सुरू करायची हा विषय आमच्या कथावाचनाच्या बैठकीत निघाला की त्या दिवशी दुसरं काही होत नाही. बेळगावच्या शहापुरात आम्ही काहीजण महिन्यातनं एकदा जमतो, बँकेतले आहेत, शाळेतले आहेत, उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारा एकजण आहे, कॉलेजची पोरं आहेत, खानापूरकडनं बसनं येणाऱ्या एक वैनी आहेत, आणि जो तो आपली कथा वाचतो, बाकीचे ऐकतात आणि मग बोलतात. बोलणं शेवटावर कमी आणि सुरुवातीवर जास्त होतं, कारण सुरुवात वाचतानाच समोरच्यांची तोंडं बघून कळतं की कथा लागली का नाही. हे सगळं बोलणं हवेत जातं, एका जागी लिहून ठेवावं असं बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहिते.

आधी आमच्या भागातल्या लिखाणात सारखी दिसणारी एक गोष्ट. पहाटेची सुरुवात तर सगळ्या मराठीत आहे, कोंबडा आरवतो, तांबडं फुटतं, नायक डोळे चोळत उठतो, चहा होतो, आंघोळ होते आणि पान संपलं तरी माणूस अजून उंबऱ्याच्या आतच असतो. त्यावर फार बोलायला नको, एकदा दाखवलं की लोक स्वतःच काढून टाकतात. आमची खास सवय वेगळी आहे. आमची कथा ओळख करून द्यायला लागते. बेळगाव हे महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या सीमेवरचं शहर, इथं मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा बोलतात, शहरापासून थोड्या अंतरावर आमचं गाव, मग गावची शेती, भात, ऊस, रताळी, मग देऊळ, मग तळं, आणि कुठंतरी दुसऱ्या पानाच्या खाली दारात बसलेली एक म्हातारी सापडते, आणि कथा त्या म्हातारीचीच असते.

हे का होतं ह्याचा मी बराच विचार केलाय. आपण लिहायला बसलो की डोळ्यापुढं पुण्या-मुंबईचा वाचक येतो. त्याला आपलं गाव माहीत नसणार, आपल्या घरात कन्नडमधले कागद का येतात ते माहीत नसणार, म्हणून आधी समजावू आणि मग गोष्ट सांगू असं वाटतं. शिवाय आपल्याकडं साहित्य आणि सीमाप्रश्न एकाच मांडवात वाढलेत. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची फेररचना झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्या म्हैसूरचं कर्नाटक १९७३ साली झालं, आणि बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं ते २०१४ साली. मधे सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग आला, सुप्रीम कोर्टात केस गेली, मोर्चे किती झाले त्याला मोजदाद नाही. एवढं सगळं पाठीवर घेऊन माणूस कथा लिहायला बसतो तेव्हा त्याला वाटणारच की हे आधी सांगितलं नाही तर पुढचं कुणाला काय कळणार. मला हे वाटणं पूर्ण पटतं. खरं पहिल्याच परिच्छेदात ते ठेवलं की कथा तिथंच खाली बसते आणि उठत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पहिलं वाक्य बाहेरच्या माणसाला सांगू नका, आपल्या गल्लीतल्या माणसाला सांगा. बाहेरचा माणूस आपोआप जवळ सरकून ऐकायला लागतो.

पटत नसेल तर बेळगावच्या बसस्टँडवर खानापूरच्या बसची वाट बघत उभं राहा आणि शेजारच्या दोन बायका काय बोलतायत ते ऐका.

“आलाय की गं तो परत.”

“कवा?”

“काल रात्री. आणि एकटा नाही आला.”

तो कोण ते तुम्हाला माहीत नाही, कुठनं परत आला माहीत नाही, बरोबर कोण आहे माहीत नाही, तरी तुमची बस लागली तरी पाय उचलत नाही. सांगणारीनं काहीच समजावलेलं नाही, कारण जिला सांगायचंय तिला सगळं माहीत आहे ह्याची तिला खात्री आहे, आणि ती खात्रीच तुम्हाला ओढून घेते. आपल्याला वाटतं की आपण आत नाही, आणि आत काय चाललंय ते कळलं पाहिजे. बोलताना आपल्याकडची माणसं अशीच सुरू करतात, मधनंच, जिथं काहीतरी झालंय तिथनं, आणि हीच माणसं कागद पुढं आला की तहसीलदाराला अर्ज लिहिल्यासारखी लिहायला लागतात.

अर्थात नुसतं तो आणि ती करत पानभर फिरवलं तर वाचक वैतागतो हेही आहे. बसस्टँडवरच्या त्या बाईचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, डोक्यावरचा पदर, हातातली पिशवी दिसते, कागदावर ह्यातलं काहीच नसतं. म्हणून कागदावर चार-पाच वाक्यांच्या आत निदान एवढं तरी हातात द्यावं लागतं की कोण बोलतंय, कुठं उभं राहून बोलतंय, आणि काय बिघडलंय. सगळं नाही, धरून पुढं जाण्यापुरतं.

एक नमुना सांगते. आमच्या बैठकीत एकानं कथा आणली होती, विषय फार चांगला, खानापूर तालुक्यातल्या एका म्हातारीला जमिनीची नोटीस येते, नोटीस कन्नडमध्ये, घरात कुणाला वाचता येत नाही. पहिलं पान सगळं कागद कन्नडमध्ये का येतात ह्यावर होतं, कधीपासून येतात, मराठीत मिळावेत म्हणून काय काय मागण्या झाल्या, सगळी माहिती खरी, लिहिणाऱ्याची तळमळ पण खरी. वाचून झाल्यावर आम्ही विचारलं, नोटीस आल्यावर म्हातारी काय करते? तो म्हणाला, शेजारच्या सुनेला हाक मारते, सून गोकाककडची आहे, तिला कन्नड येतं. हे कथेत तिसऱ्या पानावर होतं! मग सगळ्यांनी मिळून बसून पहिलं वाक्य केलं ते असं:

नोटीस वाचायला आज्जीनं शेजारच्या सुनेला हाक मारली, आणि ती वाचून होईपर्यंत आज्जी कागदाकडं नाही, तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

आता ह्यात बघा काय काय आलं. कागद आलाय आणि तो सरकारी आहे. आज्जीला तो वाचता येत नाही. घरात दुसरं वाचणारं कुणी नाही, असतं तर शेजारी हाक गेली नसती. शेजारच्या सुनेशी संबंध बरे आहेत. आणि भीती आहे, ती भीती हा शब्द न लिहिता आलीय, कारण ज्याला अक्षर कळत नाही तो वाचणाऱ्याचं तोंड वाचतो. सीमाभाग, भाषा, १९५६, ह्यातलं एक अक्षर नाही, तरी ज्याला माहीत आहे त्याला सगळं दिसतं, आणि ज्याला माहीत नाही त्याला एक घाबरलेली म्हातारी दिसते, तेवढं त्याला पुढं न्यायला पुरतं. कन्नड हा शब्द पुढं आठ-दहा ओळींनी सहज येऊ दे, तोपर्यंत वाचकाला तो हवासा झालेला असतो.

आणि दुसरं वाक्य. दुसऱ्या वाक्याबद्दल कुणी बोलतच नाही, सगळा जोर पहिल्यावर, आणि दुसऱ्यात लगेच आज्जीचं वय, नवऱ्याचं नाव, किती पोरं. आम्ही असं केलं:

सुनेनं एकदा वाचलं, परत वरनं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “आज्जी, तुमच्या धाकट्याला फोन लावू काय?”

काय लिहिलंय ते तिनं सांगितलंच नाही. आणि धाकटाच का? पहिल्या वाक्यात वाचक विचारत होता की नोटिशीत काय आहे, दुसऱ्यात तो प्रश्न तसाच ठेवून वर आणखी एक आला. सुरुवात म्हणजे ही दोन-तीन वाक्यं एकमेकाला ढकलत पुढं जाणं. एकटं सुंदर पहिलं वाक्य आणि मागं सगळं सपाट असलं की ते वाक्य नुसतं दारावरचं तोरण होऊन राहतं, म्हणून पहिल्या वाक्यावर महिना महिना घालवणाऱ्यांना मी सांगते की दुसरं लिहून बघा, पहिल्याचं काय करायचं ते तिथं कळतं.

इतिहास आणायचाच नाही असं मात्र मी म्हणत नाही, उलट आमच्या कथांत तो आला नाही तर त्या अर्ध्या राहतील. फक्त तो कुणाच्या तरी हातातनं यावा. आजोबांचा शाळेचा दाखला मराठीत आणि नातवाचा जन्मदाखला कन्नडमध्ये, दोन्ही एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, एवढं दाखवलं तर दोन परिच्छेदांचं काम होतं. किंवा एखादं पोर सांगतंय असं करा: एक नोव्हेंबरला शाळेला सुट्टी असते एवढंच मला माहीत होतं. सरकारचा तो राज्योत्सवाचा दिवस, आमच्याकडची मराठी माणसं तोच दिवस काळा दिन म्हणून पाळतात, आणि पोराला फक्त सुट्टी माहीत आहे. त्या वाक्यातला जीव “एवढंच” मध्ये आहे. आज संध्याकाळपर्यंत ह्या पोराला आणखी काहीतरी कळणार आहे असं ते सांगून जातं, आणि वाचक ते कळायची वाट बघत बसतो. लिहिणाऱ्यावर मग जबाबदारी येते, की ते खरंच कळलं पाहिजे, पोराच्या डोळ्यासमोर घडलं पाहिजे, मोठ्या माणसाच्या भाषणातनं नाही.

आता जरा जुन्याकडं जाऊ, कारण सुरुवात कशी करायची हे आपल्या आज्यांना चांगलंच माहीत होतं. श्रावणात सोमवारी सांगतात ती खुलभर दुधाची कहाणी आठवा. आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता, आणि राजाच्या मनात आलं की महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. संपली सुरुवात. नगराला नाव नाही, राजाला नाव नाही, राजा कसा दिसतो, नगरात किती पेठा, काही नाही, खरं राजाला काय पाहिजे ते तिसऱ्या दमाला सांगून टाकलंय, आणि जे पाहिजे ते असलं आहे की ऐकणारा लगेच म्हणतो हे कसं होणार. मग दवंडी, मग घराघरातलं सगळं दूध देवळात, पोरांना नाही, वासरांना नाही, आणि एवढं करून गाभारा भरत नाही. शेवटी एक म्हातारी घरातल्यांना, वासरांना पाजून उरलेलं खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरतो. सुरुवातीला जो रिकामा गाभारा ठेवला तोच शेवटी भरला, मधलं सगळं त्याच्याभोवती. आमच्या बैठकीतल्या वैनी ही कहाणी तोंडपाठ म्हणतात आणि त्यांच्या स्वतःच्या कथांत पण हीच चाल आहे, माणसाला काय पाहिजे ते तीन वाक्यांच्या आत, त्यांना कुणी शिकवलेलं नाही, कानात आहे म्हणून हातात आलंय.

दुसऱ्या कहाण्यांत पाहिजे असण्याऐवजी नसणं येतं, राजा होता पण त्याला मूल नव्हतं, ब्राह्मण होता पण घरात दारिद्र्य होतं. पाहिजे किंवा नाही, दोन्हीतलं एक. ज्या कथेच्या पहिल्या पानावर ह्यातलं काहीच नाही, ती कितीही छान लिहिलेली असली तरी मला वाचणं तिथंच थांबवावंसं वाटतं.

आणि महाभारत घ्या. कुरुक्षेत्रावरची लढाई होऊन पिढ्या उलटल्यात, अर्जुनाचा पणतू जनमेजय राजा आहे, त्याच्या बापाला, परीक्षिताला, तक्षकाचा दंश झाला म्हणून तो जगातले सगळे साप जाळायला सर्पसत्र मांडून बसलाय, आणि तिथं त्याला त्याच्या पूर्वजांची गोष्ट सांगितली जाते. म्हणजे सूडाच्या आगीसमोर बसलेल्या माणसाला सूडानं कुळ कसं संपलं ते सांगायचं. त्याच्या बाहेर आणखी एक घर, नैमिषारण्यात ऋषींना सौती नावाचा कथेकरी हे सगळं सांगतोय. एवढी मोठी गोष्ट सुरू करताना त्यांनी आधी ऐकणारा कोण ते ठरवलं आणि त्याला ती आत्ताच का ऐकायला पाहिजे तेही ठरवलं. आपली कथा चार पानांची असली तरी हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे, की हे कुणाला सांगतोय आणि आजच का.

“आजच का” ह्यावर थोडं थांबते, कारण निम्म्या सुरुवाती इथं सुधारतात. कुठल्याही कथेत एक दिवस असतो ज्या दिवशी रोजचं चालत आलेलं मोडतं. त्या दिवसाच्या शक्य तितकं जवळ सुरू करायचं. आमच्याकडं गावची महालक्ष्मी यात्रा बऱ्याच वर्षांनी एकदा भरते, त्यामुळं ती आली की घरं रंगवतात, मांडव घालतात, लेकी-जावई, पै-पावणे, मुंबईला गेलेले, मिलिटरीतले, सगळे गावात गोळा होतात. ह्या यात्रेवर कथा लिहिणारे पुष्कळ आहेत आणि सुरुवात बहुतेकवेळा यात्रेच्या वर्णनानं, गर्दी, पाळणे, भंडारा, गाडे. एका कॉलेजच्या पोरीच्या कथेत थोरली बहीण सासरचं घर सोडून येते, लग्न कसं ठरलं, सासर कसं निघालं, हे सगळं क्रमानं लिहीत ती यात्रेपर्यंत आली होती. तिला आम्ही म्हटलं यात्रेच्या दिवशीच सुरू कर आणि बहिणीच्या हातात काय आहे ते सांग. तिनं लिहिलं:

पाच दिवसांच्या यात्रेला थोरली ट्रंक घेऊन आली.

मला हे वाक्य अजून आवडतं. पाच दिवस आणि ट्रंक, दोन्ही शेजारी ठेवले, मधे काही बोलली नाही. आईला ट्रंक दिसली असणार, घरात पावणे भरलेत म्हणून ती काही विचारू शकत नाही, पाच दिवस सगळ्यांनी हसत राहायचं आहे, आख्खी कथा त्या वाक्यात दबा धरून बसलीय. लग्न कसं ठरलं ते पुढं येईल, जेव्हा कुणीतरी भांडणात काढेल तेव्हा.

पावसाबद्दल. पावसानं सुरुवात करू नये असं लोक सांगतात, आणि नुसता रिमझिम, मृद्गंध, हिरवा शालू असला पाऊस असेल तर मलाही तो नको. खरं आमच्या पश्चिमेकडं, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पाऊस म्हणजे देखावा नाही. धूळवाफ पेरणी केलेला शेतकरी कोरड्या धुळीत बी टाकून बसलेला असतो, बी गेलंय, पैसे गेलेत, आता वर बघणं एवढंच हातात आहे. त्याच्या कथेत पाऊस पहिल्या ओळीत यायलाच पाहिजे, किंवा न आलेला पाऊस यायला पाहिजे. “पेरून बारावा दिवस, आणि तिकडं कणकुंबीला पडायलाय म्हणून फोन आला.” ह्यात हवामान आहे, भूगोल आहे, आणि मत्सर पण आहे. तेव्हा नियम पाऊस नको हा नाही, पावसाचं त्या माणसाशी काय देणं-घेणं आहे तेवढं बघायचं.

बोलण्यानं सुरुवात करणं आमच्यातल्या बऱ्याच जणांना सोपं वाटतं आणि आमची भाषा तिथं खुलते पण. माझा आग्रह आहे की पहिलंच वाक्य बोलण्याचं असेल तर ते आपल्या बोलीतच असू दे. “काय करतो आहेस?” असं बेळगावात कोण विचारतं? “काय करायलाईस रे?” असं लिहिलं की वाचकाचा कान लगेच जागेवर बसतो, पुढची चाळीस वाक्यं तो त्याच सुरात ऐकतो. मधेच दहाव्या पानावर बोली आणली तर ती उपरी वाटते. निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं का तेही बोलीत करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, दोन्ही चालतं, फक्त पहिल्या पानावर ठरवून टाका आणि मग बदलू नका.

कन्नड बोलणं आलं की लोक कंसात अर्थ देतात. नका देऊ. “बर्री, कुंदर्री,” म्हणत सावकारानं स्टूल पुढं सरकवलं, खरं स्वतः गादीवरनं उठला नाही. स्टूल सरकवलं म्हणजे काय म्हणाला ते कळलं, आणि उठला नाही म्हणजे त्याच्या मनात काय आहे तेही कळलं. आपल्या घरात, बाजारात, बसमध्ये दोन्ही भाषा अशाच तर चालतात, हात आणि तोंड बघून, कुणी अर्थ सांगत बसत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला पाहिजे, तो म्हणजे कथाकथन आणि लिहिलेली कथा ह्यातला. आमच्याकडं हिवाळा लागला की गावोगाव मराठी साहित्य संमेलनं सुरू होतात, कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा, सकाळी ग्रंथदिंडी निघते, लेझीम, डोक्यावर कळस घेतलेल्या बायका, मग उद्घाटन, अध्यक्षांचं भाषण, दुपारचं जेवण, आणि जेवणानंतरच्या सुस्तीत कथाकथनाचं सत्र. मांडवात आज्ज्या बसलेल्या, पोरं पळतायत, मागं भांडी वाजतायत. तिथला कथाकार आधी गावाचं कौतुक करतो, जेवणाचं करतो, एखादा किस्सा सांगतो, लोकांना हसवून आपल्याकडं वळवतो आणि मग हळूच कथेत शिरतो, आणि ते तिथं बरोबरच आहे, तो आवाज करून, थांबून, बघून लोकांना धरून ठेवतो. पण आम्ही लहानपणापासून कथा जास्त ऐकूनच वाढलोय, त्यामुळं ती ऐसपैस सुरुवात कागदावर पण येते. कागदावर थांबायला आवाज नाही, डोळे नाहीत. वाचक एकटा आहे, बहुतेकदा मोबाईलवर आहे, अंगठा वर सरकवायला तयार. मांडवातलं जे घ्यायचं ते म्हणजे समोर माणूस बसलाय ही जाणीव, बाकीची प्रस्तावना मांडवातच ठेवायची.

बारीकसारीक दोन गोष्टी भरभर सांगते. पहिल्या परिच्छेदात नावं कमी ठेवा, आबा, तात्या, शांताक्का, सदा, परशा सगळे एकदम आले की वाचक कुणालाच ओळखत नाही, एक माणूस नीट उभा करा, बाकीचे दारातनं येतील. आणि स्वप्नाची सुरुवात, म्हणजे पाठलाग, दरी, किंकाळी आणि मग “दचकून जाग आली”, ही मला फसवणूक वाटते, वाचकानं विश्वास टाकला आणि पहिल्याच वळणावर तुम्ही तो काढून घेतला, पुढं तो जपून जपून वाचतो. मध्यरात्री वाजलेला फोन आणि विहिरीतलं प्रेत पण तसंच, धक्का मोठा दिला की पुढची वीस पानं तेवढ्या उंचीवर चालायला लागतात, आणि कथा जर साध्या घरातली असेल तर ती दमते. ट्रंकेएवढा धक्का पुष्कळ झाला.

आता हे सगळं कधी करायचं? लिहायला बसताना अजिबात नाही. पहिल्या वाक्यावर अडून बसलेली माणसं मी बघितलीत, वही उघडी, चहा गार, आणि वाक्य येत नाही, कारण कथेत काय आहे तेच अजून माहीत नाही तर तिचं दार कुठल्या बाजूला ठेवायचं ते कसं कळणार. तेव्हा पहाट लिहा, कोंबडा लिहा, बेळगावचा इतिहास लिहा, तुम्हाला हात चालू करायला जे लागतं ते लिहा आणि शेवटापर्यंत जा. शेवट झाला की मग परत पहिल्या पानावर या आणि पेन्सिल घेऊन बघा की कुठल्या ओळीवर पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी केलं, किंवा मागितलं, किंवा लपवलं. बहुतेकवेळा ती ओळ पहिल्या पानाच्या खाली नाहीतर दुसऱ्यावर सापडते. तिच्या वरचं सगळं झाकून ठेवा आणि तिथनं वाचा. वरचं काही अडलं तर तेवढंच, एक-दोन वाक्यात, पुढं कुठंतरी आणा, आणि अडलं नाही तर वरचं पान गेलं. त्या पानावर कष्ट घेतलेले असतात, मृग नक्षत्राचं सुंदर वर्णन असतं, ते काढताना जीव तुटतो हे मला कळतं, ते वेगळ्या वहीत उतरवून ठेवा, दुसऱ्या कथेला उपयोगी पडेल. पण ह्या कथेत ते दारात आडवं पडलंय.

मग शेवट आणि सुरुवात शेजारी शेजारी ठेवून वाचा. आज्जीच्या नोटिशीची कथा जर शेवटी आज्जी स्वतः सही करायला शिकते अशी संपणार असेल, तर सुरुवातीला तिनं वाचणाऱ्याचं तोंड बघत बसणं बरोबर आहे. पण कथा जर दोन भावांच्या भांडणावर संपणार असेल तर सुरुवात धाकट्याच्या फोनपासून करायला पाहिजे, आज्जीचं वाक्य कितीही लाडकं असलं तरी. आमच्या त्या मित्राची कथा शेवटी भांडणाकडंच गेली, आणि ते वाक्य आम्हा सगळ्यांना आवडत असूनही त्यानं ते उचलून दुसऱ्या परिच्छेदात नेलं आणि फोनची रिंग आधी आणली. कथा सुधारली.

येत्या बैठकीसाठी आम्ही एक नवीन ठरवलंय. कुणीच पूर्ण कथा आणायची नाही, फक्त पहिला परिच्छेद आणायचा, तोही नाव न घालता. तो एकानं वाचायचा, आणि बाकीच्यांनी सांगायचं की ही कथा कुणाची आहे, त्याला काय पाहिजे आणि आता काय होणार असं वाटतं. लिहिणाऱ्यानं तोपर्यंत गप्प बसायचं, समजावून सांगायला तोंड उघडायचं नाही, मग आपल्या मनात काय होतं ते सांगायचं. दोन्ही जुळलंच पाहिजे असं नाही, वाचक चुकीच्या दिशेला जाऊन पुढं चकित झाला तर उत्तमच, खरं कुणालाच काही वाटलं नाही, सगळे नुसते “छान आहे” म्हणाले, तर तो परिच्छेद घरी परत. खानापूरच्या वैनींनी फोन करून आत्ताच विचारलंय की तीन वाक्यं आणली तर चालतील काय, मी म्हटलं पळतील.